चौथी गोळी

त्या आठवड्यात मुंगीने केलेली तिसरी कॅप परत आली.

कॅप म्हणजे किडलेला किंवा तुटलेला दात घासून त्यावर बसवायचं टोपण. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, लॅबमधली माणसं त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात आणि साच्यावर आधी मेणाचा दात कोरतात. मुंगी अकरा वर्षं हेच करत होती, आणि तेही फक्त समोरच्या दातांचं. "दाढेने चावलं की झालं," लॅबचे सर म्हणायचे, "समोरच्या दाताला हसावं लागतं." हसणारे दात करणारी त्यांच्याकडे ही एकच होती.

मुंगी हे नाव वडिलांनी पाडलेलं. लहानपणी सांडलेली साखर ती बोटाच्या टोकाने एकेक दाणा करून उचलायची. आता चौतिसाव्या वर्षीही घरात आणि लॅबमध्ये मुंगीच होती.

सरांनी परत आलेली कॅप साच्यावर चढवली आणि कडेवरून नख फिरवलं.

"अडकतंय."

मुंगीने साचा उजेडाकडे वळवला.

"तुझ्या कामात माझं नख कधी अडकलं नव्हतं." त्यांनी नव्या पेशंटच्या साच्याचा डबा तिच्यापुढे सरकवला. "शाळेतल्या बाई आहेत. अपघातात वरचे सहा दात तुटले. शनिवारी द्यायचेत. त्यातला एक जरी परत आला ना, तर मला तुला प्लास्टरला बसवावं लागेल. मला आवडणार नाही. पण बसवेन."

प्लास्टर ओतायला लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना बसवत.

मुंगीने बर्नर पेटवला, मेणाची सुरी ज्योतीवर धरली आणि डावा डोळा मिटला. दहा दिवस ती असंच काम करत होती. दोन्ही डोळे उघडे ठेवले की साच्याला दोन कडा दिसत आणि सुरी दोन्हींच्या मधे टेकायची. हाताचं वेगळंच. नुसता मांडीवर ठेवला की गप्प असायचा. कशाच्या तरी दिशेने न्यायला लागलं की थरथरायचा, आणि जितकं जवळ जावं तितकं जास्त.

शेजारच्या टेबलावर पॉलिश करणारी बाई बसायची. तिने आपलं मशीन बंद केलं आणि खुर्ची ओढत जवळ आली.

"घेतेस का गं काही?"

"काय घेते?"

"तेच. बाटलीतलं. मला सांग, मी कुठे बोलणार नाही."

"बाटलीतलं नाही गं. पाकिटातलं घेते."

"मग मलाही दे थोडं," पॉलिशवाली हसली आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "जिना उतरताना भिंत धरतेस. बोलताना जीभ जड येते. सरांनी पण बघितलंय. सांभाळ बाई."

मुंगीने गोळ्यांबद्दल लॅबमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. फिट येणाऱ्या बाईच्या हातात पेटता बर्नर कोण देईल?

फिट दोनच आल्या होत्या. पहिली न्हाणीघरात, दुसरी बसथांब्यावर, लोकांच्या पायांत. वडिलांना पस्तीस वर्षांपासून तोच आजार. घरात तो लपलेलाही नव्हता आणि बोलायचाही नव्हता, गच्चीवरच्या टाकीसारखा. मेंदूच्या डॉक्टरबाईंनी मुंगीला रोजच्या तीन गोळ्या लिहून दिल्या आणि दोन महिन्यांनी या म्हणाल्या. वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहराच उजळला.

"अगं, ही तर माझीच गोळी!"

जणू काही पोरीने त्यांचं नाक घेतलं होतं.

त्या दिवसापासून दोघांच्या गोळ्या बाबांच्या डब्यात गेल्या. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं मुलांच्या मागे उभं राहून त्यांनी रंग बदलेपर्यंत नळीतून थेंब थेंब सोडायला शिकवलं होतं. अजून चहात साखर घालतानाही ते चमचा काठाशी आपटून सपाट करत. रोज रात्री साडेआठला, जेवणं झाली की, ते डबा उघडत. स्वतःच्या दोन गोळ्या घेत, मग मुंगीच्या तळहातावर तीन ठेवत.

"हं. पाणी. जीभ वर कर."

"बाबा, मी चौतीस वर्षांची आहे."

"जीभ चौतीस वर्षांची असली तरी तिच्याखाली गोळी राहते."

तिसऱ्या आठवड्यात मुंगीला गरगरायला लागलं. बाबा म्हणाले, अंगवळणी पडतंय, मलाही झालं होतं. मग एका सकाळी तिच्या हातातला कप जमिनीवर पडून फुटला. बाबा तुकड्यांकडे बघत राहिले.

"हा छोटा झटका होता. तीन पुरत नाहीयेत हिला."

त्या रात्री तळहातावर चौथी गोळी आली, बाबांच्या स्वतःच्या पाकिटातली.

आईने ती पाहिली. आईचं लक्ष नाही असं घरात काहीच नसायचं, पण बोलायच्या जागा तिने लग्नानंतरच्या दोनचार वर्षांतच ठरवून टाकल्या होत्या. गोळ्या तिच्या जागेत नव्हत्या. तरी ती बोलली.

"अहो, डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टर दोन महिन्यांनी बघणार. मी रोज बघतोय."

"बघताय म्हणून तर विचारते. पोरगी दिवसेंदिवस भिंती धरायला लागलीये."

"म्हणूनच वाढवली. तुला काय कळतं यातलं? माझं रक्त आहे तिच्यात. तिला काय लागतं ते मला कळतं."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"रक्त. का मी नुसती नऊ महिने भाड्याने खोली दिली होती?"

मुंगीला हसू आलं, पण ओठ नीट वळले नाहीत. बाबा मात्र चिडले. "तुमच्याकडचं रक्त काढूच नकोस. तुझ्या भावाला रक्त पातळ करायची गोळी दिली तर आठ दिवसांत नाकातोंडातून धार. जगाला लागते त्याच्या पाव हिश्शावर आणून ठेवला त्याला. तुमच्याकडे औषध नुसतं लांबून दाखवलं तरी चढतं."

आई उठून मोरीपाशी गेली. भांडी घासताना तिने नळ जरुरीपेक्षा मोठा सोडला, एवढंच.

हे नऊ दिवसांपूर्वीचं.

गुरुवारी दुपारपर्यंत शाळेतल्या बाईंचे चार दात झाले होते. एरवी मुंगीने सहा करून घरी चहा घेतला असता. पाचव्याला सुरी घसरली आणि तापलेलं पातं अंगठ्यावर टेकलं. ती ओरडली नाही. अंगठा तोंडात धरून पाण्याकडे जायला उठली आणि जमीन एका बाजूला कलली. तिने टेबल धरलं. टेबलच हातातून निसटलं, निदान तिला तसं वाटलं, आणि ट्रेसकट ती खाली आली. प्लास्टरचा साचा फुटून त्याचे तुकडे सगळ्या खोलीभर गेले. चार मेणाचे दात सरांच्या बुटापाशी थांबले.

सरांनी वाकून एक उचलला. मग म्हणाले, "घरी फोन लावा."

बाबा बाहेर गेले होते. फोन आईने उचलला. ती आली तेव्हा मुंगी बाकावर बसली होती, ओला रुमाल अंगठ्याला गुंडाळून. पॉलिशवाली तिच्या पाठीवर हात ठेवून होती. आईने लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डोळे तिच्यावर ठरत नव्हते. कडेला जात, हिसका देऊन मागे येत, परत कडेला जात.

"फिट नाही आली," मुंगी म्हणाली. शब्द एकमेकांना चिकटले होते. "मला सगळं आठवतंय, आई. सगळं."

"माहितीये मला."

रस्त्यावर आईने टॅक्सी थांबवली. मुंगीने घराचा पत्ता सांगायला तोंड उघडलं, त्याआधी आईने इस्पितळाचा सांगितला.

आईचा निरोप मिळाल्यावर बाबा अर्ध्या तासात पोचले, डबा पिशवीत घेऊन. डॉक्टरबाईंनी तोवर मुंगीला बोट डोळ्यांनी धरायला लावलं होतं, एका रेषेवरून चालवलं होतं. आता त्या म्हणत होत्या, "माझ्या बोटाला हात लावा, मग स्वतःच्या नाकाला." मुंगीचं बोट नाकाकडे निघालं आणि गालावर जाऊन आपटलं. जी बाई केसाएवढी फट बुजवायची, तिला स्वतःचं नाक सापडेना. बाबांनी नजर खिडकीकडे वळवली.

"किती गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तीन," बाबा म्हणाले. "तुम्ही लिहिलेल्या."

लेखणी कागदाला टेकली. मुंगीने आईकडे पाहिलं. आई बाबांकडे पाहत होती आणि बाबा पिशवीच्या बंदाकडे. लिहिणं संपलं की तो आकडा कागदावर पक्का होणार होता आणि पुढचं सगळं त्याच्यावर चालणार होतं.

"चार," आई म्हणाली. "नऊ दिवस झाले. चौथी घरातली आहे."

बाबांच्या मानेवर लाली चढत गेली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. त्यांनी आकडा खोडला, नवा लिहिला, रक्त पाठवलं. दोन तासांनी रिपोर्ट आला. या औषधाचं रक्तातलं प्रमाण दहा ते वीसच्या मधे हवं. मुंगीचं एक्केचाळीस होतं.

"हे झटके नाहीत. औषध अंगात साठलंय, त्याचं हे सगळं." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "खरं सांगायचं तर माझ्या तीन गोळ्याही हिला जास्तच झाल्या असणार, चौथीच्या आधीपासून. घरात कुणाला कुठलं औषध फार चढतं का? नेहमीच्या डोसला त्रास होतो, असं कुणी?"

"नाही," बाबा म्हणाले. हे मात्र ते खरं समजून म्हणाले.

"माझ्या भावाला." आई खुर्चीवर पुढे सरकली. "रक्त पातळ करायची गोळी होती. पाव हिश्शावर आणावी लागली. हे नेहमी चेष्टा करतात त्याची."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "ती गोळी आणि ही गोळी, लिव्हरमध्ये दोन्हींचा निचरा करणारा कामगार एकच. काही माणसांत तो जन्मतःच मंद असतो. आईवडिलांकडून तसाच येतो. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला की मोरी तुंबल्यासारखं होतं. वरून थोडंसं वाढवलं की पाणी एकदम घरभर."

"शेवटच्या थेंबाला रंग बदलतो तसं," बाबा हळूच म्हणाले.

"तसंच."

"मी मुलांना सांगायचो. शेवटचे थेंब सोडताना हात आवरा." त्यांनी डब्याची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

मुंगीला दाखल करून घेतलं. जनुकांच्या तपासणीसाठी वेगळं रक्त गेलं. आणि गोळी पूर्ण बंद.

"एकही नाही?" बाबा उभेच राहिले. "आणि फिट आली तर?"

"येऊ शकते. एवढ्या जास्त प्रमाणानेही येऊ शकते. म्हणूनच इथे ठेवतेय."

वॉर्डात सहा खाटा होत्या. मुंगीची खिडकीजवळची. रोज सकाळी सिस्टर रक्त घेऊन जायची आणि दुपारी आकडा यायचा. एक्केचाळीसचे अडतीस झाले. खाली यायची त्याला काही घाई नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पॉलिशवाली येऊन गेली. शाळेतल्या बाईंचं नवीन माप घेतलंय, काम दुसऱ्याकडे गेलंय, म्हणाली. "सर म्हणाले महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो. मग बघू. मी त्यांना सगळं सांगितलं गं, रागावू नकोस. बाटलीपेक्षा बरंच ना?" मुंगीने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि तो तिच्या मनगटाच्या बाजूने निघून गेला. पॉलिशवालीने मग स्वतःच तो पकडला.

ती गेली आणि साडेआठ वाजायला आले.

बाबांनी आपल्या दोन गोळ्या घेतल्या. मग खुर्ची खाटेजवळ ओढली. समोरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, सिस्टर दाराबाहेर. बाबांचा हात शर्टाच्या खिशात गेला. पायथ्याशी चादर ओढणारी आई तशीच थांबली.

त्यांच्या तळहातावर अर्धी गोळी होती. नीट मधोमध तोडलेली.

"नुसती अर्धी," ते कुजबुजले. "दोन दिवस काहीच नाही अंगात."

"अडतीस आहे अंगात," आई म्हणाली.

"तू थांब जरा. मुंगे, अर्ध्याने काही होत नाही. आ कर."

मुंगीचं तोंड अर्धवट उघडलंसुद्धा. इतक्या दिवसांची सवय होती, आणि त्याआधी सगळ्या लहानपणाची. मग तिने ओठ घट्ट मिटले.

"तुला माहीत नाही," बाबांचा आवाज फाटला. "मी एकदा चुकवली होती. एकदाच. कामाच्या गडबडीत. तू अकरा महिन्यांची होतीस. माझ्या कडेवर. जिन्यावर होतो आम्ही आणि मला आली. मला काहीच कळलं नाही. डोळे उघडले तर तू नव्हतीस कडेवर."

मुंगी आईकडे वळली. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मी झेललं होतं," आई म्हणाली. "तीन पायऱ्या खालून. तुला ओरखडासुद्धा नव्हता. पण यांनी तेव्हापासून एकही चुकवली नाही."

अर्धी गोळी अजून बाबांच्या तळहातावर होती.  

"बाबा," मुंगी एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "मी आता कडेवर नाहीये."

बाबांनी मूठ मिटली. मग उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा हात मोकळे होते. अर्ध्या गोळीचं काय केलं ते आईने विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी फिट आली. मुंगी दात घासून खाटेवर टेकली होती. डावा हात आधी, मग सगळं अंग. मिनिटभराचीच, पण त्या मिनिटात बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते आणि आईने त्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ दिसला. सिस्टरने इंजेक्शन दिलं. मी सांगत होतो, असं बाबा म्हणाले नाहीत. ते म्हणतील म्हणून आई दिवसभर उत्तर तयार ठेवून होती. ते तिला तसंच गिळावं लागलं.

त्याच दिवशी नवीन औषध सुरू झालं, लिव्हरच्या वाटेला न जाता बरंचसं लघवीतून बाहेर पडणारं. जुन्याचा आकडा एकोणतीस, तेवीस, सोळा असा उतरत गेला. अजून एकाचे दोन दिसतात का हे बघायला मुंगी खिडकीच्या गजांकडे पाहायची. आठव्या दिवशी गज होते तेवढेच दिसले.

नवव्या दिवशी डॉक्टरबाई जनुकांचा रिपोर्ट घेऊन आल्या.

"प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. हिच्या दोन्ही मंद आहेत. एक आईची, एक वडिलांची."

"माझी?" बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षं घेतोय मी ही गोळी. सुरुवातीची गरगर सोडली तर मला कधी काही झालं नाही."

"रोज किती?"

"दोन. दोनच्या वर कधी गेलोच नाही." हे सांगताना नेहमी त्यांची मान ताठ व्हायची. आताही झाली.

"तुमच्या वजनाच्या माणसाला बऱ्याचदा तीन लागतात. तुमची एक प्रत मंद असल्यामुळे दोनमध्ये भागत असेल."

 पस्तीस वर्षं जी आपली ताकद म्हणून सांगितली होती, ती अशी निघाली. आई खाटेखालच्या चपला काढत होती. खालूनच म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही चढतं. फक्त हळूहळू."

डॉक्टरबाईंनी नवीन गोळ्यांचं पाकीट काढलं. बाबांचा हात पुढे आला. डॉक्टरबाईंनी ते मुंगीच्या हातात दिलं.

"सकाळी एक, रात्री एक. कमी नाही, जास्त नाही. काही वाटलं तर मला फोन."

"वेळ चुकली तर?" बाबांनी विचारलं. डॉक्टरबाईंना नव्हे, मुलीला.

"घड्याळ लावीन."

"आणि मी?"

"तुम्ही तुमच्या दोन घ्या, बाबा."

सिस्टर घरी जायचे कागद घेऊन आली. बाबांनी सवयीने खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. "इथे पेशंटची सही लागते," सिस्टर म्हणाली, "त्यांना जमत असेल तर." बाबांनी पेन उलटं करून मुंगीपुढे धरलं.

मुंगीने कागद मांडीवरच्या पुस्तकावर ठेवला, मनगट टेकवलं. दोन्ही डोळे उघडे ठेवले. हात निघाला. रेषेजवळ येताना थोडा हलला, पण वळला नाही. अक्षरं एकापुढे एक उभी राहिली. शेवटचं मात्र रेषेच्या खाली घसरलं.

"झालं," सिस्टरने कागदाला हात घातला.

मुंगीने तो सोडला नाही. जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

"दुसरा द्या."

"अहो, सही आहे ना. कळतीये. आमच्याकडे चालतं."

"माझ्याकडे नाही चालत," मुंगी म्हणाली आणि हात पुढे करून थांबली.

सिस्टर हसत दुसरा कागद आणायला गेली.